उत्तराचं जेवण

होड्या ठेवायची शेड मागे पडली, दोरखंडाच्या कारखान्याची लांबच लांब भिंत संपली, तरी ताईंचा प्रश्न काही संपेना. रविवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या फाटकापासून नदीकाठाने वरच्या पंपघरापर्यंत चालत जायचं आणि तसंच परत यायचं, हा या नणंद-भावजयीचा वर्षानुवर्षांचा नेम. एरवी या वाटेवर ताई बोलायच्या आणि वहिनी ऐकायची. आज ताई विचारत होत्या आणि वहिनी दर थोड्या वेळाने चपलेतला नसलेला खडा काढत होती.

"तू तिथे होतीस," ताई म्हणाल्या. "मागच्या रांगेत, दादाच्या शेजारी. त्या मुलीचा शेवटचा सूर तुटला की नाही, एवढंच सांग."

वहिनीने आपलं ठेवणीतलं उत्तर पुढे केलं. ती बालवर्गाची शिक्षिका. तिला गाण्यातलं काय कळणार? मुलं भुकेने रडताहेत की खोड्या काढल्यामुळे, एवढं तिला आवाजावरून कळत असे, त्यापलीकडे तिचा कान म्हणजे कानातलं घालायची जागा. ताई हसल्या नाहीत. वहिनीला तेव्हाच कळलं की आज प्रकरण साधं नाही.

खरं तर तिला त्या सुराबद्दल चांगलंच सांगता आलं असतं. पण का सांगवेना, हे समजायला ताई कोण, ते आधी सांगायला हवं.

ताई म्हणजे जुन्या विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. विद्यार्थिनी म्हणून त्या याच इमारतीत आल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. भिंतीतल्या नळातून पाणी गेलं की शेजारीण गुळण्या करते आहे असं वाटायचं, अशी ती खोली. रंगभूमीच्या इतिहासावर प्रबंध लिहायचा होता. प्रबंध अर्धा राहिला आणि ताई मात्र वसतिगृहात पुऱ्या राहिल्या. आधी भोजनगृहाची देखरेख, मग साहाय्यक रेक्टर, मग रेक्टर. खोलीत शेगडी लपवणाऱ्या मुली त्यांना वासावरून सापडत. गाद्यांची तपासणी त्या स्वतः करत आणि कुणाच्या गादीखाली प्रेमपत्र निघालं तर न वाचता परत जागेवर ठेवत. वर त्या मुलीला सांगत की गादी उन्हात टाकायच्या आधी ते काढून घे, शाई उडते.

पण विद्यापीठात त्यांना ओळखत ते रेक्टर म्हणून नव्हे. विद्यार्थिनी असतानाच त्यांनी भोजनगृहाच्या दाराशी एक भित्तिपत्रक लावायला सुरुवात केली होती. आठवड्यात विद्यापीठात जे काही झालं असेल, म्हणजे नाटक, गाणं, चित्रांचं प्रदर्शन, त्याबद्दल त्यात परखड लिहिलेलं असे. पुढे भित्तिपत्रकाचं चार पानी छापील साप्ताहिक झालं. संपादक विद्यार्थी दरवर्षी बदलत. परीक्षणाचं सदर मात्र ताईंकडेच राहिलं. एका देखण्या नाटकाबद्दल त्यांनी लिहिलं होतं की पडदा फार सुंदर होता, त्यामुळे तो उघडल्याचं वाईट वाटलं. एका तरुण चित्रकाराच्या चौकटींची त्यांनी इतकी तारीफ केली की तो सुतारकामाला लागेल की काय, असं लोकांना वाटलं. मुलींनी त्यांचं नाव पाडलं 'चाळणी'. एकदा कुणीतरी त्यांच्या खोलीच्या दाराला खरोखरची चाळणी टांगून ठेवली. ताईंनी ती काढून सरळ स्वयंपाकघरात नेऊन दिली आणि दुसऱ्या दिवशी फलकावर लिहिलं, चाळणी चांगली निघाली, आधीची गंजली होती, आभार.

आता पाण्यात राहून माशाशी वैर करायचं, तर काही नेम हवेतच. जिच्या अभिनयाला आपण काल ओलं फडकं म्हटलं, तीच सकाळी न्हाणीघराच्या रांगेत दात घासायचा ब्रश घेऊन आपल्यापुढे उभी असते. म्हणून विद्यार्थिनी असतानाच ताईंनी दोन रिवाज पाडले, आणि त्या पिढीच्या मुली पांगल्या तरी रिवाज टिकले.

पहिला रिवाज अबोल्याचा. कार्यक्रमाची जाहिरात भिंतीवर लागली की ज्यांचा कार्यक्रम आहे त्यांनी परीक्षण छापून येईपर्यंत ताईंशी बोलायचं नाही. आजारपण सांगायचं नाही, अडचण सांगायची नाही, गोड बोलायचं नाही, जेवताना मीठ हवं असेल तर बोटाने दाखवायचं. कलाकारांच्या मैत्रिणीही मग पक्षपात नको म्हणून तोंड मिटत, आणि बघता बघता सगळं वसतिगृह गप्प होई. रेक्टरशी आठवडाभर बोलायचं नाही आणि वर त्याला शिस्त म्हणायचं, याहून मोठं सुख मुलींना कुठलं मिळणार?

दुसरा रिवाज उत्तराच्या जेवणाचा. परीक्षण आलं की ज्याच्यावर लिहिलं त्याचा हक्क असे, खिडकीखालच्या टेबलाशी ताईंच्या समोर बसून एक वेळ जेवायचं आणि मनात असेल ते बोलायचं. ताईंचं ताट रिकामं होईस्तोवर त्यांनी अवाक्षर काढायचं नाही, ताटात काही टाकायचंही नाही. कुणी रडलं, कुणी भांडलं. एका मुलीने काही न बोलता कागदी रुमालावर ताईंचं चित्र काढलं, नाक वाकडं करून. ते ताईंनी खोलीत लावलं. एक तरुण प्राध्यापक होते. नाटकात काम करायचे आणि ताईंशी लग्न करायची त्यांची फार इच्छा होती. ताईंनाही ते आवडत असावेत, असा वहिनीचा कयास. त्यांच्या नाटकावर ताईंनी जे लिहायचं ते लिहिलं. प्राध्यापक उत्तराच्या जेवणाला आले, सगळं जेवले, "भाजीत मीठ कमी होतं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा कधी आले नाहीत. दादा तेव्हा बहिणीवर संतापले होते. दोन ओळी मऊ लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, दोन ओळी मऊ लिहिल्या असत्या तर बाकीच्या सगळ्या खोट्या झाल्या असत्या.

तर असा हा ताईंचा शब्द. लोक त्यावर चिडत, पण विश्वास ठेवत. ताईंच्या आयुष्यात घर, संसार, पदवी, जे काही व्हायचं राहिलं, त्या सगळ्याच्या जागी हा एक शब्द होता.

आणि आता गोष्ट आली त्या मुलीची. वसतिगृहात तिला सगळ्या जिराफ म्हणत, कारण उंची इतकी की प्रत्येक दारातून ती मान खाली घालून जाई. शेवटच्या वर्षाला होती. कपडे धुण्याच्या खोलीमागे चादरी वाळत घालायची खोली आहे, तिथे ओल्या चादरींच्या मधोमध उभी राहून ती रियाज करत असे. तिचं म्हणणं, तिथे आवाज घुमत नाही, त्यामुळे चूक लपत नाही. हे ऐकूनच ताईंना ती आवडली होती, पण आवडली म्हणून बोलायची सोय नव्हती.

तिच्या गाण्याला वहिनी आणि दादा दोघंही गेले होते. शेवटचं गाणं असं होतं की आवाज वर वर जातो आणि वर गेल्यावर मोठा न होता बारीक होत जातो. वहिनीने डोळे मिटले होते. तो सूर इतका बारीक झाला की आता आहे की नाही कळेना, आणि तरी होता. रोज सकाळी ती देवापुढे हात जोडून बसते तेव्हा एखाद्या दिवशी प्रार्थना संपते आणि तरी उठवत नाही, तसं तिला झालं. सभागृहात कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही. दादा तर सांगत होते की मला डुलकी लागली होती, पण एकदम काहीच ऐकू येईना म्हणून जाग आली, बघतो तर सगळे श्वास धरून बसलेले.

साप्ताहिक आलं तेव्हा वहिनीने उत्सुकतेने वाचलं. ताईंनी पहिल्या गाण्यांचं कौतुक केलं होतं, आणि मग लिहिलं होतं: 'शेवटच्या गाण्यात आवाज शिखराच्या एक पायरी अलीकडे विझला. श्रोत्यांनी संकोचून जे मौन पाळलं, त्यात सौजन्य होतं.'

वहिनीने ते दोनदा वाचलं. मग तिने स्वतःची समजूत घातली की जाणकारांच्या भाषेत विझणं म्हणजे काहीतरी वेगळंच असेल. ताई चुकणार नाहीत, आपणच अडाणी. शिवाय नणंदेला तिच्या विद्येतलं शिकवायला जाणारी भावजय, हे रूप तिला स्वतःलाच बरं दिसेना. ती गप्प राहिली.

जिराफ उत्तराच्या जेवणाला आली. ताईंनीच हे आत्ता, नदीकाठाने चालता चालता वहिनीला सांगितलं. मुलगी आली, समोर बसली, खाली मान घालून सगळं जेवली. भांडली नाही की रडली नाही. ताट उचलून उभी राहिली तेव्हा तिने फक्त विचारलं, "बाई, तुम्ही शेवटपर्यंत होतात ना?" ताईंचा शेवटचा घास तोंडात होता. तो गिळून त्या म्हणाल्या, होते. मुलगी बरं म्हणाली आणि गेली. संध्याकाळी तिने वर्षअखेरच्या समारोपाच्या कार्यक्रमातून आपलं नाव काढून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, माझा सूर मला लागल्यासारखा वाटला होता, तो लागला नसेल तर मला काहीच कळत नाही, मग गायचं कशाला.

"ती टोमणा मारत नव्हती," ताई म्हणाल्या. "टोमणे मला ओळखू येतात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि तेव्हापासून मलाही जाणून घ्यायचंय. मी होते शेवटपर्यंत, अगदी समोर. तिचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. सगळं सभागृह गप्प. मला तिच्यासाठी शरम वाटली, वहिनी."

ताई चुकीचं लिहितील हे वहिनीला पटत नव्हतं आणि आपण ऐकलं ते ऐकलं नव्हतं हेही पटत नव्हतं. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. बोलायचं तर कुठून सुरुवात करायची, या विचारात वेळ काढायला म्हणून तिने विषय बदलला. वाट आता नदीच्या वळणावरून जात होती, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच बोरूचं रान, आणि संध्याकाळ व्हायला लागलेली.

"किती किरकिरतात हे मेले," ती म्हणाली. "कान किटले."

"कोण?"

"रातकिडे, दुसरं कोण."

ताई थांबल्या. वहिनी दोन पावलं पुढे गेली होती, ती मागे वळली. ताई बोरूच्या रानाकडे बघत होत्या, जशा एखाद्या चित्राकडे बघत, मान थोडी कलती करून. गेली दोन-तीन वर्षं ताईंची तक्रार होती की हा काठ पूर्वीसारखा राहिला नाही, मुका झाला, बागखात्याने औषध फवारून सगळे किडे मारले असणार. विद्यापीठाच्या मुख्य माळ्याला त्यांनी यावरून इतकं फैलावर घेतलं होतं की तो बापडा या वाटेने येईनासा झाला. वहिनीला वाटायचं, ताई साहित्यिक भाषेत काहीतरी म्हणताहेत. मुका म्हणजे खरोखर मुका, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आत्ता?" ताईंनी विचारलं. "आत्ता, या क्षणी ओरडताहेत?"

वहिनीने होकारार्थी मान हलवली.

ताई पुन्हा चालू लागल्या. पुढे पंपघराच्या भिंतीलगत बाकं आहेत, एकमेकांपासून बरीच दूर. त्यातल्या पहिल्या बाकापाशी आल्यावर त्यांनी वहिनीला तिथेच उभं केलं आणि स्वतः पुढच्या बाकावर जाऊन बसल्या, नदीकडे तोंड आणि वहिनीकडे पाठ करून. तिथून त्यांनी ओरडून सांगितलं, तुझ्या बालवर्गातली प्रार्थना म्हण, मोठ्याने सुरू कर आणि हळूहळू आवाज बारीक कर. मला ऐकू येतंय तोवर माझा हात वर राहील.

भर वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर गायचं म्हणजे वहिनीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण तिने पदर सारखा केला आणि सुरुवात केली. ताईंचा हात वर गेला. धावायचे बूट घातलेलं एक जोडपं वेग कमी करून बघत बघत गेलं. कुत्रं फिरवणाऱ्या एका गृहस्थांनी टोपी काढली आणि प्रार्थना चालू आहे म्हणून तिथेच उभे राहिले, त्यामुळे कुत्र्यालाही उभं राहावं लागलं. वहिनी दुसऱ्या कडव्याला आली. तिथे चाल वर जाते, लहान मुलं हमखास किंचाळतात. तिने न किंचाळता आवाज बारीक केला, आणखी बारीक केला.

ताईंचा हात खाली आला.

वहिनी गातच होती. हात पुन्हा वर जाईल म्हणून तिने त्या पाठीकडे बघत पुढची ओळ म्हटली, पण हात मांडीवरून हलला नाही. मग प्रार्थना अर्धी टाकणं तिच्या जिवाला बरं वाटेना, म्हणून तिने ती शेवटपर्यंत म्हटली. कुत्रेवाल्या गृहस्थांनी टोपी घातली आणि ते गेले.

ती जवळ गेली तेव्हा ताईंनी वर बघितलं. "संपल्याबरोबर खाली घेतला ना हात?"

खोटं बोलायला ती वेळ फार सोयीची होती. वहिनीला आयुष्यात इतकी सोयीची वेळ मिळाली नव्हती.

"नाही, ताई," ती म्हणाली. "तुम्ही हात खाली घेतलात तेव्हा माझं जवळजवळ अर्धं कडवं बाकी होतं. आणि त्या मुलीचाही सूर तुटला नव्हता. वर पोचली ती. बराच वेळ होती तिथे."

"मग सगळे गप्प का होते?"

"ऐकत होते."

वहिनी ताईंच्या शेजारी बसली. तिला वाटलं, आता या माणसाचा बांध फुटेल, आणि फुटला तर आपण काय करायचं. रुमाल तरी आणायला हवा होता, असंही तिच्या मनात आलं. पण ताई म्हणाल्या, चाळणीलाच भोक पडलं म्हणायचं, आणि मग म्हणाल्या, तशी चाळणीला भोकं असतातच. वहिनीला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. ताईंनी तिला रडू दिलं. स्वतः त्या रडल्या नाहीत.

मग वहिनीने संसारी माणसासारखं व्यवहाराचं बोलणं काढलं. कानाचे डॉक्टर असतात, यंत्रं असतात, दादांच्या कचेरीतल्या एकांनी लावलंय, कळतसुद्धा नाही. ताईंनी ऐकून घेतलं. डॉक्टरकडे जाईन म्हणाल्या, तू सोबत ये. सदर चालवायचं की कुणाच्या हाती द्यायचं, ते डॉक्टर काय सांगतात त्यावर ठरवेन. आजवर लिहिलेल्यातलं आणखी काय काय असं निघेल कुणास ठाऊक, मुख्य माळ्याची माफी मात्र उद्याच मागते. हे सगळं त्यांनी बाजाराची यादी सांगावी तसं सांगितलं. पण ते सगळं नंतरचं. आधी त्या मुलीचं.

वहिनी म्हणाली, त्यात काय, पुढच्या अंकात दोन ओळी छापा की चूक झाली, ती मुलगी वर पोचली होती.

"कशावरून?" ताईंनी विचारलं. "तू सांगितलंस म्हणून? मी आजवर सांगोवांगी एक शब्द लिहिला नाही, वहिनी. वाईट तर नाहीच, चांगलाही नाही. आणि असं सांगोवांगी लिहिलं तर ती मुलगी काय म्हणेल? म्हाताऱ्या बाईला दया आली. ते काही तिचा सूर परत दिल्यासारखं नाही."

त्यांनी ठरवलं होतं ते असं. उद्या दुपारी त्या स्वतःच ताट घेऊन जिराफच्या टेबलाशी जातील आणि तिला जे झालं ते सांगतील, कान, किडे, सगळं. मग तेच गाणं एकदा त्यांच्यासाठी म्हणायला सांगतील, चादरींच्या खोलीत, जिथे चूक लपत नाही. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क. हो म्हणाली तर ऐकतील आणि लिहितील, आणि कुठवर स्वतःच्या कानाने ऐकलं अन् कुठून दुसऱ्याच्या, तेही लिहितील.

"त्यासाठी तू लागशील," ताई म्हणाल्या. "शाळेतून जरा लवकर निघता येईल?"

येईल, असं वहिनीने सांगितलं. पण मला गाण्यातलं काही कळत नाही, हे पुन्हा म्हणायला तिने तोंड उघडलं, तेव्हा ताईंनी तिला थांबवलं.

"कळायला मी आहे. तू फक्त माझ्याशेजारी बस आणि माझा हात हातात घे. मला ऐकू यायचं थांबलं की मी मान हलवीन. तिथून पुढे ती गात असेल तोवर माझा हात दाबून धर. सूर संपला की सोड. आणि वहिनी, मध्येच तुटला, तर तिथेच सोड. माझी कीव येऊन धरून ठेवू नकोस. तिची येऊनही नको."